पाय पुसून या

तिला बसलेलं फार थोड्या लोकांनी पाहिलं. दारात येई, खिडकीशी जाई, पुन्हा दारात येई. म्हातारपणी ती आमच्या गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. तेव्हा खाली चपला दुरुस्त करणाऱ्याने पहिल्याच महिन्यात तिला सांगितलं, "बाई, सगळ्यांच्या चपला टाचेकडून झिजतात, तुमच्या चवड्याकडून. तुम्ही चालत नाही, तुम्ही निघता."

ती हसली आणि निघाली.

नाटकांच्या जाहिरातींवर तिचं नाव हातभर लांबीच्या अक्षरांत छापलेलं असे. ते नाव कंपनीच्या मालकाने ठेवलेलं. घरचं नाव निराळं होतं. पायाला भिंगरी लागलेली पोर म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत, आणि तेच तिला चिकटलं. तिची ही गोष्ट मला तिच्याच तोंडून मिळाली, तुकड्यातुकड्यांनी आणि चालता चालता. ती पुढे, मी मागे. एखादा तुकडा ऐकायचा राहिला असेल तर तो माझा दम लागल्यामुळे.

नाटक कंपनी म्हणजे चाकांवरचं गाव. आज इथे, पंधरवड्याने तिथे. भिंगरीचा बाप त्या गावातला सुतार. रंगमंचावरचे दरवाजे, जिने, सिंहासनं तो बनवायचा. ती पाच वर्षांची असताना तो तापाने गेला. आई कपडेपटात होती. राजाराणीपासून चोरापर्यंत सगळ्यांचे पोशाख तिच्या ताब्यात, आणि ते सगळे जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर रचलेले. दाराशी एक गोणपाट टाकलेलं असे. नट येवोत, मालक येवोत, आईचा एकच आवाज, मान वर न करता, तोंडात सुई धरून: "पाय पुसून या!" राजाचा पोशाख घातलेला माणूससुद्धा निमूट परत फिरून पाय पुसायचा.

आणि आईचा थोरला भाऊ, मामा. तो कंपनीचा प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या कडेला, विंगेत, स्टुलावर बसून, हातात नाटकाची वही धरून, जो अडखळेल त्याला पुढचा शब्द हळूच पुरवायचा हे त्याचं काम. दम्याने छाती भरलेली, आवाज म्हणजे वाळलेल्या पानावरून वारा गेल्यासारखा. पण तो बरोब्बर ज्याच्या कानात जायला हवा त्याच्याच कानात जायचा. प्रेक्षकाला ऐकू आला तर शपथ.

भिंगरी नऊ वर्षांची असताना कंपनीतली छोटी राजकन्या गोवराने पडली. मामा म्हणाला, "आपली भिंगरी उभी करू." नाटकवाल्यांत प्रत्येकाच्या वाट्याची वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवून देतात. त्या कागदाला 'नक्कल' म्हणतात. भिंगरीच्या हातात नक्कल दिली तर तिने तिची होडी केली, कारण तिला वाचता येत नव्हतं. मग मामा वही घेऊन बिऱ्हाडाच्या लांब पडवीत चालायला लागला आणि ती त्याच्या कोटाचं टोक धरून मागे. तो एक वाक्य म्हणायचा, ती तेच म्हणायची. एका वाक्याला चार पावलं, मोठ्या वाक्याला सात. वळायचं, परत यायचं. संध्याकाळपर्यंत राजकन्या पाठ.

त्या दिवसापासून तिचं पाठांतर डोक्यात राहिलं नाही, तळव्यांत गेलं. एखादं वाक्य हरवलं की ती असेल त्या गावच्या पडवीत तेवढीच पावलं टाकून उभी राही, आणि पडलेलं बटण सापडावं तसं ते तिथे सापडे.

आई म्हणायची, "दादा, पोरीला चार अक्षरं शिकव रे. तुझ्या हाताखाली राहून अडाणी राहिली तर लोक तुला हसतील."

"शिकवतो की. उद्या बसू."

"ती बसते कुठे?"

"म्हणूनच तर उद्या."

हे उद्या-उद्या करता करता पोर बावीस वर्षांची झाली. मामाचं म्हणणं असं, की वाचणारी नटी कागदाकडे बघते, ऐकणारी समोरच्या माणसाकडे बघते. त्यात तथ्य होतं. पण त्यातलं एक तथ्य तो बोलत नसे. कंपनीत दम्याचा प्रॉम्प्टर केव्हाही बदलता आला असता. भिंगरीचा मामा बदलता येत नव्हता.

तिला वाचता येत नाही याचा बाहेरच्या कुणाला पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाविसाव्या वर्षी ते झालं. नवं नाटक होतं, पहिला प्रयोग. मुख्य काम थोरल्या बाईंचं. त्या कंपनीतल्या जुन्या नायिका, आणि तालमी बंद दाराआड घेण्याची त्यांना सवय. भिंगरीला पहिल्या अंकात पाण्याचा तांब्या आणून ठेवायचा होता, एवढंच. दुपारी थोरल्या बाईंचा घसा बसला, तो असा की त्या नुसत्या ओठ हलवायला लागल्या. मालकाने मामाकडे पाहिलं. मामाने भिंगरीला पडवीत नेलं. दुपार ते संध्याकाळ दोन अंक पायांत उतरले. तिसऱ्याला वेळच उरला नाही.

"तिसरा मी पुरवतो," मामा म्हणाला. "तू फक्त कान माझ्याकडे ठेव आणि तोंड लोकांकडे."

तिसऱ्या अंकात टाकून गेलेला नवरा नऊ वर्षांनी दारात येऊन उभा राहतो. मामा पुरवत होता, ती बोलत होती, पाऊलभर मागून. "दार उघडंच आहे," ती म्हणाली. "यायचं असेल तर या. पण…"

आणि विंगेतून काही आलं नाही.

मामा अंगठा जिभेला लावून पान उलटायचा. त्या दिवशी दोन पानं एकमेकांना चिकटली. तो नखाने ओढतोय, फुंकर मारतोय, आणि इकडे भिंगरी 'पण' म्हणून उभी. पाय हलवावेत तर पुढे वाक्यच नाही, पावलं टाकायची कशावर? आयुष्यात पहिल्यांदा ती खांबासारखी स्तब्ध उभी राहिली. थिएटरात कुणीतरी खोकणार होता, तो खोकला त्याने गिळला. शेवटच्या बाकापर्यंत सगळं थिजलं. मग वाळलेल्या पानावरून वारा गेला, आणि ती म्हणाली:

"…पाय पुसून या."

थिएटर हललं. बायका रडत होत्या आणि हसत होत्या. नवऱ्याचं काम करणारा नट खरोखरच मागे फिरला आणि त्याने पाय पुसले. प्रयोग संपल्यावर लेखक पडद्याबाहेर येऊन तीनदा वाकले. वर्तमानपत्राने लिहिलं, की असा थांबा या रंगभूमीने ऐकला नव्हता. ते मामाने तिला वाचून दाखवलं आणि हसता हसता त्याला दम्याची उबळ आली. "थांबा म्हणे! अगं, गोंद लागला होता पानाला!"

तिला त्या वाक्याचं मोठं अप्रूप. लेखकाने जणू आपल्या आईला दारात ऐकूनच लिहिलंय असं तिला वाटे. आईला तिने विचारलंसुद्धा. आई सुई ओवत म्हणाली, "जगातल्या सगळ्याच घरांत चिखल असतो गं."

आठ वर्षं ते नाटक चाललं. लोक त्या थांब्यासाठी यायचे. मामा दर प्रयोगाला त्या जागी मनात पाच आकडे मोजायचा आणि मगच पुरवायचा. थोरल्या बाईंचा घसा सुटला, पण काम परत मिळालं नाही. त्या रंगपटात आरशासमोर बसून, तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "लोक हिला नटी म्हणतात. ही नटी नाही, नक्कल आहे, मामाची. तो दम लागून थांबला की ही थांबते. एक वाक्य स्वतःचं बोलून दाखव म्हणावं."

भिंगरी रंगपटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. ते वाक्य तिच्या तळव्यात गेलं आणि काट्यासारखं तिथेच राहिलं.

मग बोलपट आले. कंपनीने एव्हाना बांधलेलं थिएटर मालकाने बोलपट दाखवायला देऊन टाकलं. सिंहासनं चुलीत गेली, आई कपडे घड्या घालून पेटीत भरता भरता आजारी पडली आणि उठली नाही. परतायला आता जागा नव्हती. त्याच सुमाराला एक दिग्दर्शक आला. त्याने ते नाटक सात वेळा पाहिलं होतं. म्हणाला, "बाई, तो थांबा मला पडद्यावर हवा." तिसाव्या वर्षी त्याने तिला पंचविशीतल्या मुलाची आई केलं. बोलपटांची रीतच ती.

स्टुडिओ म्हणजे पत्र्याची मोठी शेड. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून आतून भिंतींना गाद्या ठोकलेल्या. भिंतींना कान असतात म्हणतात. इथे भिंतींच्या कानांत कापूस कोंबला होता. दिवे असे तापलेले की रंग गालावरून ओघळायचा. आणि जमिनीवर खडूचं एक वर्तुळ, परातीएवढं.

आवाज मुद्रित करणारा माणूस कानांवर दोन काळ्या वाट्या लावून कोपऱ्यातल्या खोक्यात बसलेला. सगळे त्याला आवाजवालाच म्हणत. तो म्हणाला, "बाई, या वर्तुळातून पाऊल बाहेर टाकलंत की आवाज पळतो."

आणि पाऊल हललं नाही की शब्द पळतात, हे ती कुणाला सांगणार?

मामाने तोड काढली. खोलीच्या देखाव्यात एक लाकडी कपाट होतं. सकाळी सगळे यायच्या आत तो त्यात जाऊन बसायचा आणि फटीतून पुरवायचा. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी आवाजवाल्याने हात वर केला.

"थांबवा! या बाई दोन आवाजांत बोलतात."

"म्हणजे?" दिग्दर्शक म्हणाला.

"आधी एक म्हातारा बोलतो, मग बाई बोलतात. म्हाताऱ्याच्या छातीत शिट्टी वाजते."

कुणी म्हणालं, शेड जुनी आहे, पूर्वी इथे काय होतं कुणास ठाऊक. दिवेवाला खाली उतरायला तयार होईना. शेवटी आवाजवाला वाट्या कानांवर धरूनच उठला आणि आवाजाच्या मागावर चालत चालत कपाटाशी आला. दार उघडलं. आत मामा, गुडघे हनुवटीला लावून, हातात कागद. एवढ्या लोकांना समोर बघून तो म्हणाला, "पुढचं वाक्य राहिलं त्यांचं."

सगळे पोट धरून हसले. दिग्दर्शकही हसला; मग डोळे पुसून गंभीर झाला.

"मामा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण हे नाटक नाही. उद्यापासून फाटकाबाहेर." आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "बाई, मंगळवारी पत्राचा प्रसंग. मुलाचं पत्र येतं, तुम्ही उघडता आणि मोठ्याने वाचता. एका दमात घेणार. पत्र मी त्या दिवशी सकाळी लिहून देईन. पाठ केलेलं मला नको. पहिल्यांदा वाचताय तसंच वाचायचं, कारण पहिल्यांदाच वाचत असाल."

"सकाळी?"

"सकाळी. आणि खरं सांगू? स्टुडिओच्या मालकांना तुम्ही नकोच होतात. दुसऱ्या बाईंना त्यांनी मंगळवारी बोलावूनच ठेवलंय. पत्र जमलं तर बोलपट तुमचा." त्याने खिशातून एक कागद काढला. "हे असलंच काहीतरी असेल. दोन ओळी वाचा बघू, सूर ऐकू."

तिने कागद घेतला. मुंग्यांची रांग दिसावी तसं काहीतरी दिसलं.

"डोळे दुखतायत दिव्यांनी," ती म्हणाली. "उद्या."

तो शब्द तोंडातून निघाला आणि तिला मामाचा आवाज ऐकू आला, स्वतःच्याच गळ्यातून.

घरी खोलीत आल्यावर तिने दाराची कडी लावली.

"एकवीस वर्षं, मामा. एकवीस वर्षं उद्या म्हणालास."

"अगं, कधी अडलं का तुझं?"

"आता अडलं ना! सहा दिवस राहिलेत. शिकव."

मामाने पुस्तक काढलं. ती समोर बसली. पहिलं अक्षर, दुसरं अक्षर; तिसऱ्याला तिचा गुडघा हलायला लागला, चौथ्याला ती उठून खिडकीशी गेली. परत आली तेव्हा पहिलं विसरली होती. मामा चिडला, खोकला, पुस्तक मिटलं. "पालथ्या घड्यावर पाणी. उद्या बघू."

"उद्या म्हणू नकोस!"

"मग काय म्हणू? भिंगरे, तू वाचायला लागलीस तर माझं काय काम उरलं गं?"

बोलून गेला आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरचा डाग नखाने खरवडत बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या पाठीमागे चालली, त्याचं तोंड तिने समोरून नीट पाहिलंच नव्हतं. मग चपला घातल्या आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओच्या मागच्या बाजूला येरझाऱ्या घालत होती. एक दार दिसलं, ढकललं, आणि तळहात निळा झाला.

"बाई, पाटी वाचली नाहीत?" आतून एक माणूस म्हणाला. "'रंग ओला आहे.' एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

"चष्मा विसरले."

"ओल्या रंगाला वास येतो. त्याला चष्मा लागत नाही."

हा रंगारी. मूकपटांच्या दिवसांत माणसं पडद्यावर नुसते ओठ हलवायची आणि मग काळ्या पाटीवर त्यांचं बोलणं पांढऱ्या अक्षरांत यायचं. ती सगळी अक्षरं याच्या हातची. बोलपट आले, माणसं स्वतःच बोलायला लागली आणि याचं काम संपलं. आता तो 'शांतता राखा'च्या पाट्या रंगवायचा. त्याने तिच्या निळ्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि ब्रश खाली ठेवला.

"येत नाही ना वाचायला?"

ती दाराकडे वळली.

"थांबा हो. मी कुणाला सांगणार? बोलपट आल्यापासून इथे माझ्याशी बोलतंय कोण!"

त्याने तिला पाटीसमोर बसवलं. ती दोन मिनिटांत उठली. पुन्हा बसवलं, पुन्हा उठली. त्याने डोकं खाजवलं, चुन्याची बादली उचलली, जाडा कुंचला घेतला आणि मागच्या मोकळ्या अंगणात गेला. तिथे त्याने जमिनीवर एक अक्षर काढलं. बैलगाडी वळेल एवढं.

"चाला यावरून," तो म्हणाला.

ती चालली. वरच्या रेघेवरून, खाली, वळसा घालून, परत.

"हा झाला 'क'. मधल्या दांड्यावर उभ्या राहा, एका हाताला भरलेली घागर, दुसऱ्या हाताला रिकामी."

'ग' चालताना मध्ये उडी मारावी लागे, कारण तो दोन तुकड्यांचा. 'ट' म्हणजे कुबड काढून बसलेला म्हातारा. 'ळ' शेताच्या बांधावरून गेल्यासारखा, वळणावर वळण. पाच दिवस ती अक्षरांवरून चालली. संध्याकाळी चपला पांढऱ्या होऊन घरी यायची. मामा चपलांकडे बघायचा, विचारायचा नाही. ताकास तूर लागू देत नव्हती तीही.

चौथ्या दिवशी परतताना एक गंमत झाली, तिला ती शेवटपर्यंत गंमत वाटली नाही. रस्त्यावर दुकानांच्या पाट्या होत्या, रोजच्याच. 'दा' दिसला. मग 'त'. 'दात काढून मिळतील.' ती थबकली. पलीकडे 'कोळसा'. वर 'खोली रिकामी आहे'. भिंतीवर, खांबावर, गाडीच्या पाठीवर. सगळा रस्ता एकदम बोलायला लागला, आणि गप्प बसायला तयार होईना. ती डोळे मिटायची, उघडायची, पुन्हा तेच. घरापर्यंत ती जवळजवळ पळत आली. इतके दिवस ही सगळी माणसं तिच्यासमोर ओरडत होती आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवार उजाडला. मामा फाटकापर्यंत आला. शिपायाने हात आडवा केला. मामा भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, "मी इथे आहे." याचा काही उपयोग नव्हता, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

रंग लावून झाल्यावर दिग्दर्शकाने घडी केलेला कागद तिच्या हातात दिला. "प्रसंगातच उघडायचा." मालक दुसऱ्या बाईंना घेऊन मागे खुर्चीवर येऊन बसले होते. गाद्यांचं दार बंद झालं. पंखे थांबले. ती खडूच्या वर्तुळात उभी राहिली.

"चालू."

तिने कागद उघडला. ती शिकली होती रंगाऱ्याची अक्षरं. ताठ, सुटी, बैलगाडीएवढी. आणि दिग्दर्शकाचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी पळाली होती. एकात एक गुंतलेलं, वरची रेघ गायब.

पहिला शब्द ओळखीचा वाटला. "आ…ई," ती म्हणाली. बोट शब्दाखाली गेलं. "मी… ब… बरा आहे." ती पायाच्या अंगठ्याने चपलेच्या आत अक्षरं गिरवत होती, वर्तुळ मोडत नव्हतं, पण पाय चालत होता. "तू… बरी असशील. मी इथे… का… काम सोडलं." दिव्यांनी घाम फुटला होता. मागे खुर्ची करकरली. "आता मी… परत…"

आणि पुढचा शब्द नुसता गुंता होता. 'येतो' असेल. 'येत नाही' असेल. पान उलटून पाहिलं, मागे कोरं. विंग नव्हती. स्टूल नव्हतं. तिने नकळत कान त्या कपाटाकडे केला, आणि कपाट रिकामं होतं. सगळी शेड थिजली. तिला तो थांबा ओळखू आला. हाच तो, आठ वर्षं लोक ज्यासाठी आले. पण तेव्हा पलीकडे मामा आकडे मोजत असायचा. आज पलीकडे कोणी नव्हतं.

आरशासमोर बसलेल्या थोरल्या बाई तिला दिसल्या, एक वाक्य स्वतःचं मागणाऱ्या. मग तिने कागद खाली केला, समोर पाहिलं, आणि जे होतं ते सांगून टाकलं.

"पुढचं मला वाचता येत नाही."

आवाजवाला कानांवरच्या वाट्या दोन्ही हातांनी दाबून बसला होता. दिग्दर्शकाने बऱ्याच वेळाने "कट" म्हटलं, तेही कुजबुजत. मग धावत आला.

"बाई! हे कुठून आणलंत? हे मी लिहिलंच नव्हतं! आईच्या डोळ्यांत पाणी, पुढचं दिसतच नाही… अहो, पोरगा येतो की नाही हे आता लोकांना कळायलाच नको!"

"मी खरंच सांगते," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही."

"तेच तर! अगदी असंच म्हणालात!" त्याने वळून मालकांकडे पाहिलं. मालक नाक पुसत होते. दुसऱ्या बाई रडत होत्या.

ती फाटकाबाहेर आली. मामा तिथेच उभा होता, ओठ कोरडे पडलेले.

"झालं?"

"झालं."

"कोणी पुरवलं?"

"कोणी नाही."

त्याने भिंतीला टेकलेली पाठ सोडवली. "किती वाक्यं?"

"एक. पण माझं."

मामाने मान हलवली. मग दोघं चालायला लागली. या वेळी मामा मागे होता. दमा होता म्हणून असेल.

त्या बोलपटानंतर तिने आणखी चौदा केले. सगळ्यांत आई. त्या एका वाक्यासाठी लोक तिला रस्त्यात अडवायचे, म्हणायचे, बाई, काय अभिनय! ती प्रत्येकाला खरं सांगायची. प्रत्येकजण हसायचा. शेवटी तिने सांगणं सोडलं, पण ते तिला टोचत राहिलं. आपण खरं बोललो तेव्हा कुणी ऐकलं नाही, नुसती वाहवा केली. रंगाऱ्याकडे ती पुढेही वर्षभर जात राहिली आणि वळणदार अक्षरसुद्धा वाचायला शिकली.

मामा शेवटी अंथरुणाला खिळला. एका सकाळी म्हणाला, "भिंगरे, वही काढ. आज तू वाच."

पेटीतून नाटकाची जुनी वही निघाली. ती वाचायला लागली, अर्थात चालत चालत, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मामा डोळे मिटून ऐकत होता, मधूनमधून ओठ हलवत. तिसरा अंक आला. "दार उघडंच आहे. यायचं असेल तर या. पण…" पान अजून चिकटलेलं होतं. तिने नखाने सोडवलं. सोडवताना त्याने पाच आकडे मोजले असावेत, आणि मग तो अंथरुणातून म्हणाला, "पाय पुसून या."

ती उभी राहिली. पान खाली वर पाहिलं.

"मामा, इथे तसं नाहीये."

"काय आहे मग? वाच."

"'हे प्राणनाथा, स्मरणात असू द्यावे, की ज्या उंबरठ्यास आपण निर्दयपणे लाथाडून गेलात, तो उंबरठा म्हणजे माझ्या सहनशीलतेची, माझ्या सोशिकतेची, किंबहुना माझ्या…'" तिने वर पाहिलं. "अजून सहा ओळी आहेत."

"बघ," मामा म्हणाला. "पान सुटेना. तू तिथे उभी. माझ्या डोक्यात एकच वाक्य आलं, जे मी रोज सकाळी ऐकत होतो. तुझ्या आईचं."

"आणि लेखक?"

"लेखकाला टाळ्या मिळाल्या. तो कशाला बोलतोय? मालकाला गर्दी मिळाली. थोरलीला ठाऊक होतं, म्हणून तर जळायची."

"आणि आईला?"

"कपडेपटात ऐकलं तिने. म्हणाली, दादा, पोरीला सांगू नकोस, तिला वाटू दे लेखकाचं आहे. मोठ्या माणसाचं वाक्य म्हणून बोलेल."

भिंगरी तीनदा भिंतीपर्यंत जाऊन आली. मग कोनाड्यातली पेन्सिल घेतली, वही खिडकीच्या कठड्यावर ठेवली, आणि त्या सहा ओळींवर आडवी रेघ मारून बाजूच्या जागेत लिहिलं. उभ्याने, रंगाऱ्याच्या ताठ सुट्या अक्षरांत. लिहायला वेळ लागला.

"दाखव," मामा म्हणाला. त्याने चष्मा लावला, वही नाकाशी धरली. जन्मभराचा प्रॉम्प्टर तो. "पूसुन? अगं, 'पु' पहिला, 'सू' दुसरा. उलटं केलंस. खोड."

"नाही खोडत."

"चूक आहे ती."

"असू दे. माझी आहे. कुणी पुरवलेली नाही."

मामा हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबल्यावर वही छातीवर ठेवून म्हणाला, "बरं बाई. आता तरी बस जरा."

"उद्या," ती म्हणाली, आणि खिडकीकडे निघाली.